ऑस्ट्रेलियाचं लाकूड, कोल्हापूरची हवा: पहिली गिटार बांधणाऱ्यांचे प्रश्न

या वेळच्या टपालात ऑस्ट्रेलियन लाकडापासून गिटार बांधण्याबद्दलची पत्रं बरीच आहेत, म्हणून सदराची सगळी पानं त्यांनाच दिली आहेत. मापं स्टीलच्या तारांच्या, ६४८ मिमी स्केलच्या (म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या लांबीच्या) गिटारीची धरली आहेत.

माझी मोठी बहीण मेलबर्नला असते, ती डिसेंबरात येणार आहे. मी पहिल्यांदाच गिटार बांधणार. तिला कोणतं लाकूड सांगू, किती सांगू, आणि ते बॅगेत बसेल का?
— एक वाचक, राजारामपुरी

वजनात बसेल, सगळं मिळून तीन किलोच्या आत आहे. फक्त मानेचा दांडा मीटरभर लांब आहे, तो साध्या बॅगेत मावणार नाही. माप नीट सांगा.

मागच्या पाठीला आणि बाजूंना ब्लॅकवूड, मानेला क्वीन्सलँड मेपल, टॉपला, म्हणजे तारांखालच्या पुढच्या पाटीला, बुन्या पाइन ही जोडणी पहिल्या गिटारीला सोयीची. मेलबर्नमध्येच १९४६ साली सुरू झालेली मेटन कंपनी ब्लॅकवूड आणि क्वीन्सलँड मेपल वापरते. तिथल्याच कोल क्लार्कच्या पुष्कळ गिटारींचे टॉप बुन्याचे असतात. म्हणजे प्रयोग तुमच्यावर होत नाही, तो आधीच होऊन गेलाय.

बहिणीला असं लिहून द्या: टॉपसाठी जोडीच्या दोन फळ्या, प्रत्येकी ५५० × २१० × ४.५ मिमी. पाठीसाठी तशाच दोन, ४ मिमी जाड. बाजूंसाठी दोन पट्ट्या, ८२० × १२५ × ३ मिमी. मानेसाठी एक दांडा, १०५० × ७५ × २२ मिमी. यातूनच डोकं तिरक्या सांध्यानं जोडायचं आणि टाचेचे (मान पेटीला जोडली जाते त्या भागाचे) चार ठोकळे एकावर एक चिकटवायचे, म्हणून लांबी जास्त आहे. फिंगरबोर्डला (मानेवर बोटं दाबायची पट्टी) गिजी लाकडाची ५१० × ७० × ७ ची पट्टी आणि ब्रिजला (टॉपवर तारा अडकतात तो तुकडा) त्याच लाकडाचा १८० × ४० × १२ चा तुकडा. फळी उभी चिरलेली हवी, म्हणजे टोकाकडून पाहिलं तर वाढीच्या रेषा फळीच्या तोंडाला काटकोनात उभ्या दिसल्या पाहिजेत. दुकानातून फोटो मागवायचा तर टोकाचा मागवा. चकाकणाऱ्या तोंडाचा फोटो पाहून काही कळत नाही.

‘ब्लॅकवूड द्या’ एवढंच सांगू नका. आपल्याला हवं ते ऑस्ट्रेलियाचं अकेशिया मेलॅनोझायलॉन, म्हणजे आपल्या बाभळीचं नात्यातलं झाड. आफ्रिकन ब्लॅकवूड हे डाल्बर्जिया मेलॅनोझायलॉन, शिसवाच्या घराण्यातलं. ते साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या जातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्याला वेगळे परवाने लागतात. नावाचा शेवटचा शब्द सारखाच असल्यानं घोटाळा होतो. पावतीवर पूर्ण शास्त्रीय नाव हवं, लाकडाला साल चिकटलेली नको, आणि रोग-कीड नसल्याचं फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र तिकडूनच करून आणायचं. विमानतळावर लाकूड जाहीर करायचं. लपवून आणलेला तीन किलोचा माल जप्त झाला तर बहिणीला तोंड दाखवायला जागा राहायची नाही.

ऑस्ट्रेलियात आमचं कुणी नाही. तरी तिकडचंच लाकूड वापरायची हौस आहे. इथं काही मिळेल?
— एक विद्यार्थिनी, गडहिंग्लज

बांधावर बघा. सिल्व्हर ओक हे मूळचं ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याचं झाड, ग्रेव्हिलिया रोबस्टा. दक्षिणेत चहा-कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी आलं आणि आपल्याकडे बांधावर, रस्त्याकडेला लागलं. तिकडे त्याला सिल्की ओक म्हणतात आणि पाठ-बाजूंना वापरतात. उभं चिरलं की तोंडावर चमकदार चट्टेपट्टे येतात. दिसायला देखणे, पण वाकवताना लाकूड सुटतं ते नेमकं त्या चट्ट्यांच्या कडेनं. त्यामुळे बाजूंसाठी कमीत कमी चट्टे असलेला तुकडा काढून ठेवा, देखणा तुकडा पाठीला लावा. या लाकडाच्या भुशानं काहींच्या अंगाला खाज आणि पुरळ येतं. पूर्ण बाह्या आणि मास्क घालूनच रंधा मारा. ब्लॅकवूडचा भुसाही तसाच, त्यानं दम्याचा त्रास होऊ शकतो.

दुसरं तून. ऑस्ट्रेलियात ज्याला रेड सीडर म्हणतात ती आणि आपली तून एकच जात, टूना सिलिआटा. मिरजेच्या तंबोऱ्यांना हेच लाकूड वापरलं जातं, तेव्हा वाद्याचा सुकलेला माल पाहायला मिरजेला जा. एसटीनं अर्ध्या दिवसाचं काम आहे. मानेला तून चालते. हलकी असते, म्हणून ट्रस रॉडशिवाय (मानेच्या आत बसवायची धातूची ताण-सळई) वापरू नका.

ऑस्ट्रेलियन बाभूळ सामाजिक वनीकरणात खूप लागली, पण खोड वाकडं आणि बारीक असतं. २१० मिमी रुंदीची सरळ फळी निघणं अवघड. पाठ तीन-चार तुकड्यांची केलीत तर जमेल. टॉपसाठी मात्र यातलं एकही नको. तिथं स्प्रूस मागवा.

वखारीतून ओलं लाकूड आणलंत तर लगेच ६ मिमीच्या फळ्या चिरून घ्या, दोन्ही टोकांना मेण लावा, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या देऊन सावलीत रचा आणि वर वजन ठेवा. दर आठवड्याला एक फळी वजन करून तिच्यावरच पेन्सिलीनं लिहा. तीन आठवडे वजन हललं नाही की ती हवेशी जुळली असं समजा. बाहेरचं पांढरं लाकूड कापून टाका, कीड पहिल्यांदा तिथंच लागते.

धंद्यानं सुतार आहे. गिऱ्हाइकानं ब्लॅकवूड आणून दिलं. बाजू रात्रभर पाण्यात भिजवून गरम पाइपवर वाकवल्या. कमरेत दोन्ही फुटल्या, वर काळे डागही पडले. लाकूडच खराब होतं का?
— एक वाचक, कसबा बावडा

लाकडात खोट दिसत नाही. ब्लॅकवूड वाकायला चांगलं असतं. तुम्ही पत्रात जाडी २.६ मिमी लिहिली आहे, पहिली अडचण तिथं. बाजू २ मिमीवर आणा. लाटालाटांचं, रेषा आतबाहेर जाणारं लाकूड असेल तर १.९. जाडी थोडी वाढली की बाहेरच्या तोंडावरचा ताण वाढतो, आणि फुटतं ते नेहमी बाहेरचंच तोंड. आतलं दबतं, बाहेरचं ताणलं जातं.

दुसरी अडचण रात्रभराचं भिजवणं. लाकूड मऊ करते ती उष्णता. पाणी फक्त ती आत पोचवतं आणि तोंड जळू देत नाही. जास्त भिजलेलं लाकूड पाइपची सगळी उष्णता वाफेत घालवतं, आतपर्यंत तापत नाही, आणि आपण जोर लावतो. वाकवण्याआधी दहा मिनिटं फवारा मारून ठेवलं की पुरे. पाइप १५० ते १७० अंशांवर हवा. पाण्याचा थेंब टाकला तर तो नुसता पसरून बसू नये, जोरात चरचरून लगेच उडून गेला पाहिजे.

उद्यमनगरात कुठल्याही वर्कशॉपमधून ६० मिमी व्यासाचा ॲल्युमिनियमचा पाइप व्हाइसमध्ये दाबून अंडाकृती करून घ्या. कमरेसाठी अरुंद बाजू, पोटासाठी रुंद. ०.३ मिमीची स्टेनलेस पट्टी बाजूएवढी रुंद आणि थोडी जास्त लांब कापून घ्या. ही पट्टी लाकडाच्या बाहेरच्या तोंडाला धरायची आणि लाकूड पाइप-पट्टीच्या मध्ये दाबायचं. पट्टी रेषांना उघडू देत नाही. आधी कमर वाकवा, मग खालचं मोठं पोट, शेवटी वरचं लहान. हाताला लाकूड ‘सुटलं’ असं जाणवेपर्यंत जोर लावू नका, नुसतं पुढं-मागं हलवत राहा. तो क्षण येतो तेव्हा लाकूड अचानक ढिलं पडल्यासारखं लागतं, आणि मग सहा-सात सेकंदांत वळण द्यायचं असतं. साच्यात टाकून रात्रभर ठेवा. वळण थोडं परत उघडतंच, दुसऱ्या दिवशी ओलं न करता पाइपवर परत बसवून घ्या.

काळे डाग लोखंडाचे. बाभूळवर्गातल्या लाकडात टॅनिन भरपूर, ओल्या टॅनिनला लोखंड लागलं की शाई तयार होते. म्हणून स्टेनलेस पट्टी, आणि ओल्या लाकडाला साधा क्लॅम्प लावताना मध्ये प्लास्टिक. डाग वरवरचा असेल तर लिंबू-फुलाचं म्हणजे सायट्रिक ॲसिडचं पातळ पाणी फिरवून, स्वच्छ पाण्यानं पुसून पाहा. खोल गेला असेल तर घासून जाडी घालवू नका.

बुन्याचा टॉप किती पातळ करायचा? माझ्याकडच्या स्प्रूसच्या नकाशात २.८ मिमी लिहिलंय.
— एक वाचक, इचलकरंजी

नकाशातला आकडा त्या माणसाच्या फळीचा, तुमच्या फळीचा नव्हे. बुन्या साधारण स्प्रूसपेक्षा थोडं जड असतं, पण फळीफळीत फरक मोठा. आधी फळी तोला. वजन ग्रॅममध्ये घेऊन लांबी, रुंदी, जाडीच्या सेंटिमीटरमधल्या गुणाकारानं भागा. ०.४५ च्या आसपास आलं तर नेहमीचं. ०.५ च्या वर गेलं तर ती फळी पातळ करावी लागणार.

मग ताठपणा. जोडलेली पाटी ३.२ मिमीवर आणा, ५०० मिमी अंतराच्या दोन काठ्यांवर आडवी ठेवा, मध्ये एक किलोचं वजन ठेवून किती लवते ते पट्टीनं मोजा. तशीच आडव्या दिशेनं ३०० मिमीवर मोजा. आकडे पाटीच्या मागच्या बाजूला लिहा, पुढच्या गिटारीला उपयोगी पडतील. पहिल्या गिटारीला मध्ये २.८ आणि कडेला, खालच्या पोटाच्या घेरात, २.४ वर थांबा. हात सैल सोडू नका: ताठपणा जाडीच्या घनात बदलतो. २.८ चं २.५ केलंत तर वजन ११ टक्क्यांनी उतरतं, पण ताठपणा जवळजवळ २९ टक्क्यांनी. शेवटचा अर्धा मिलिमीटर रंध्यानं नाही, स्क्रेपरनं काढा.

कुणी किंग बिली पाइन देत असेल तर ते टास्मानियातलं, जुन्या साठ्यातून येणारं लाकूड. हलकं आणि मऊ. नखानंसुद्धा खड्डा पडतो. ते ३ मिमीच्या खाली नेऊ नका, आणि पहिल्या गिटारीला वापरूही नका. महाग लाकडावर हात बसवण्यात अर्थ नाही.

जुलैत टॉप-पाठीच्या आतल्या आधाराच्या पट्ट्या चिकटवल्या, ऑक्टोबरला गिटार पुरी झाली, छान वाजत होती. फेब्रुवारीत टॉप खाली बसला, तारा पडद्यांना (फ्रेटना) लागायला लागल्या आणि फिंगरबोर्डशेजारी टॉपला उभी चीर पडली. फ्रेटची टोकंही हाताला बोचतात. लाकूड कच्चं होतं का?
— एक वाचक, मंगळवार पेठ

लाकूड कच्चं नव्हतं, ते दिवस ओले होते. आम्हाला सगळ्यात जास्त याच उत्तराबद्दल बोलायचंय, कारण लाकूड टास्मानियाचं असो की आजऱ्याचं, कोल्हापुरात गिटार फुटते ती याच कारणानं.

हिशेब बघा. हवेत आर्द्रता ८० टक्के असली की लाकडातला ओलावा १६ टक्क्यांच्या आसपास बसतो. ४५ टक्के असली की साडेआठच्या आसपास. उभ्या चिरलेल्या टॉपच्या लाकडाचं रुंदीत आक्रसणं ओलाव्याच्या दर टक्क्याला साधारण ०.१५ टक्के. टॉप ४०० मिमी रुंद धरला तर जुलैची पाटी फेब्रुवारीत साडेचार मिलिमीटर लहान व्हायला बघते. लांबीत मात्र लाकूड जवळजवळ हलत नाही, आणि तुमच्या पट्ट्या टॉपला आडव्या चिकटलेल्या, म्हणजे त्यांची लांबी टॉपच्या रुंदीवर. पट्टी आक्रसू देत नाही, पाटीला आक्रसायचंय. आधी घुमट सपाट होतो, म्हणून तारा खाली आल्या. तरी भागलं नाही की पाटी फुटते. फिंगरबोर्डशेजारी फुटली, कारण बोर्डानं ती तिथं घट्ट धरून ठेवली होती. बोर्डही रुंदीत आक्रसला, फ्रेट धातूचे, ते होते तेवढेच राहिले, म्हणून बोचतात.

दुरुस्ती: चीर लगेच भरू नका. छिद्रं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला स्पंज पिळून ठेवा, डबी आवाजाच्या भोकातून आत सोडा, गिटार पेटीत बंद करा. दर दोन दिवसांनी बघा. आठ-पंधरा दिवसांत चीर मिटली तर पातळ गरम सरस बोटानं आत चोळा, वर प्लास्टिक ठेवून हलकं दाबा, आतून १५ मिमीचे, २ मिमी जाड चौकोनी तुकडे दर ६० मिमीवर चिकटवा. तुकड्याच्या रेषा चिरेला आडव्या हव्यात. चीर मिटली नाही तर त्याच लाकडाची पाचर बसवावी लागेल. फ्रेटची टोकं कानशीनं घासून घ्या.

पुढच्या वेळेसाठी तीनशे-चारशे रुपयांचा हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारा मीटर, घ्या आणि त्याच्यावरही लगेच विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूइतकं भिजवा, मीटरसकट घट्ट पिशवीत १२ तास ठेवा. आकडा ७५ यायला हवा. ७० दाखवला तर मीटरच्या दर आकड्यात पाच मिळवत चला. फोनमध्ये दिसणारा आर्द्रतेचा आकडा कामाचा नाही, तो शहराचा असतो, तुमच्या माळ्याचा नसतो.

टॉप आणि पाठीला पट्ट्या चिकटवायच्या त्या मीटर ४० ते ४५ दाखवत असतानाच. आपल्याकडे नोव्हेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत असे दिवस मिळतात. मार्च-एप्रिलच्या दुपारी ३० च्याही खाली जातं. तेव्हा चिकटवलेला टॉप पावसाळ्यात फुगून तारा वर उचलतो, पण फुगलेला टॉप फुटत नाही. दोन चुकांपैकी ही स्वस्त.

पावसाळ्यातच काम करायचं असेल तर प्लायवूडची पेटी करा, खाली ४० वॅटचा जुना काचेचा बल्ब, मध्ये जाळी, वर एक छोटं छिद्र. बाहेर २६ अंश आणि ८५ टक्के असताना पेटीत ३७ अंश झाले की आर्द्रता ४५ वर येते. पाट्या आणि पट्ट्या तीन-चार दिवस आत ठेवा. पण बाहेर काढल्यावर पातळ पाटी तासाभरातच ओल ओढते, एका तोंडानं जास्त ओढली तर पापडासारखी वळते. म्हणून पट्ट्या आधीच बसवून, आकार देऊन तयार ठेवा, पाटी काढली की चिकटवा आणि क्लॅम्पसकट परत पेटीत. नाहीतर जून ते ऑक्टोबर मान कोरा, साचे करा, बाजू वाकवा. तेवढं काम भरपूर आहे.

बाराव्या फ्रेटवर सूर चढा लागतो. फ्रेट तर १७.८१७ नं भागूनच बसवले होते. ब्रिजही एकदा सुटला, पांढऱ्या गोंदानं परत लावला, पुन्हा सरकतोय.
— एक वाचक, कागल

फ्रेटचं गणित बरोबर आहे: ६४८ भागिले १७.८१७, पहिला फ्रेट ३६.३७ मिमीवर. फक्त प्रत्येक फ्रेट मागच्या फ्रेटपासून मोजत गेलात तर पेन्सिलीच्या जाडीएवढी चूक साठत जाते. सगळी अंतरं नटपासूनच (मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) मोजा. बारावा ३२४.००, चौदावा ३५९.३५. हे दोन जुळले तर दोष फ्रेटमध्ये नाही.

तार दाबली की ताणली जाते, सूर थोडा चढतो. जाड तारेला जास्त. म्हणून सॅडल, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी, ६४८ वर बसवायचाच नसतो. पहिल्या तारेखाली तो ६५० वर, सहाव्याखाली ६५३ च्या आसपास, म्हणजे तिरका. तुमचा सरळ ६४८ वर असणार. खाच भरून नवी पाडा.

गोंदाचं म्हणाल तर १२–५३ च्या (जाडी इंचाच्या हजाराव्या भागात) तारांचा मिळून ओढा सत्तर किलोच्या वर असतो, आणि तो रात्रंदिवस. सुतारकामाचा पांढरा गोंद लाकडाचा सांधा छान धरतो, पण सततच्या ओढ्याखाली, त्यात उन्हात ठेवलेल्या गाडीत तापला की, हळूहळू सरकतो. सुटत नाही, सरकतो, म्हणून लवकर लक्षात येत नाही. त्या जागेवरचा जुना गोंद गरम पाण्यानं आणि स्क्रेपरनं पूर्ण काढा, लाकूड उघडं पडेपर्यंत. ब्रिजचं बूड टॉपच्या घुमटाला घासून जुळवा: टॉपवर सँडपेपर तोंड वर करून ठेवायचा आणि ब्रिज त्यावर फिरवायचा. मग गरम सरस किंवा वाद्याचा पिवळा गोंद. सरस असेल तर टॉप आणि ब्रिज दोन्ही हेअर ड्रायरनं कोमट करून घ्या, नाहीतर चिकटण्याआधीच तो गोठतो. तीन क्लॅम्प, एक दिवस. तारा दोन दिवसांनी.

गिजीच्या फिंगरबोर्डला फ्रेट ठोकले तर मानच मागे वाकली. करवतही बोथट झाली.
— एक वाचक, शाहूपुरी

खाच अरुंद पडली. गिजी पाण्यात बुडणारं लाकूड, घनता बुन्यासारखी ०.५ च्या आसपास नाही, १.१ च्या वर. मऊ लाकूड फ्रेटच्या दातांना जागा देतं, हे देत नाही. वीस फ्रेट म्हणजे वीस पाचरी, बोर्ड लांबायला बघतो, मान मागे जाते. फ्रेटचा मधला पत्रा व्हर्नियरनं मोजा, खाच त्याहून ०.०५ मिमीच रुंद ठेवा आणि खोली १ मिमी जास्त. खाचेच्या तोंडाला तिकोनी कानशीचा एक हलका हात मारा म्हणजे फ्रेट काढताना लाकडाच्या कपच्या उडत नाहीत. ठोकण्यापेक्षा ड्रिल प्रेसमध्ये दाबून बसवा. आता आहे ती मान ट्रस रॉड सैल करून आणि तारा चढवून दोन आठवडे ठेवा, पुष्कळदा तेवढ्यानं सरळ येते. नाही आली तर फ्रेट काढून खाचा रुंद कराव्या लागतील.

लाखेचं पॉलिश ऑगस्टमध्ये केलं तर पांढुरकं पडलं.
— एक वाचक, जयसिंगपूर

स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि लाखेत अडकते. मीटर ६५ च्या वर असेल तर पॉलिश करू नका. आत्ता झालेल्याला कोरड्या दिवशी कापडाच्या बोळ्यावर नुसतं स्पिरिट, अगदी थोडं, घेऊन हलका हात फिरवा, पांढरेपणा निघतो. नवं करताना लिटरला १५० ग्रॅम चपडा लाख, ताजी विरघळवलेली. सहा महिने पडून राहिलेली बाटली वाळत नाही, चिकट राहते. ती गिटारीला लावू नका.